ऑर्डरींच्या घाण्यात आमची दिवाळी

प्रश्न : बोळिंजला घरगुती फराळाचा व्यवसाय करते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपर्यंत डबे भरत असते. मुलं म्हणतात, आई दिवाळीत नसतेच. ऑर्डरी नाकारायच्या का?

उत्तर : ताई, सरसकट नाही. आधी शेवटची तारीख ठरवा. वसुबारसेला शेवटचा डबा जाईल, असं दसऱ्यालाच सर्व गिऱ्हाइकांना कळवा आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या. आगाऊ पैसे दिलेलं माणूस वेळेवर येतं, हा माझा अनुभव! शंकरपाळी, शेव, कोरड्या सारणाच्या करंज्या आधी करून हवाबंद ठेवता येतात. चकली नीट तळली तर तीही टिकते. ओल्या नारळाच्या करंज्यांना मात्र यंदा सरळ नाही म्हणा. त्या लवकर खराब होतात, म्हणून त्यांचं काम ऐन सणात येतं.

नरक चतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंत कढई बंद. ओळखीतलं कुणी ‘एकच किलो’ म्हणत येईल. त्यांना शिल्लक चिवडा द्या, नवा घाणा चढवू नका. बुडणाऱ्या विक्रीची धास्ती वाटत असेल तर जवळच्या नंदाखाल, आगाशीकडे पाहा. वसईतल्या ख्रिस्ती घरांत नाताळालाही करंज्या-शंकरपाळ्या लागतात. त्या ऑर्डरी नोव्हेंबरपासूनच विचारायला लागा.