घराबाहेर जाणारे पाणी आणि शेजाऱ्याचा हक्क

कोकणातून जाऊन इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मुस्लिम कुटुंबांच्या पाणी-सांडपाण्याच्या बिलात एक आकारणी असते. छपरावर आणि घरापुढील मोटारीच्या फरसबंद जागेवर पडलेले पावसाचे पाणी सार्वजनिक गटारातून वाहून नेण्याचा तो मोबदला होय. हे पाणी गटारात न जाता शोषखड्ड्यात जिरत असेल, तर अर्ज करून सवलत मिळवता येते. हा रास्त हक्क आहे. तो जरूर मागावा. परंतु पाणी गटारात जात असताना ‘जात नाही’ असे लिहून देणे ही खोटी साक्षच होय, मग रक्कम कितीही लहान असो.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. ४० चौरस मीटर फरशीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर ४०० लिटर पाणी जमते. माती त्यातील बरेचसे शोषून घेते. काँक्रीट ते रस्त्यावर लोटते आणि सखल भागातील शेजाऱ्याचा उंबरा धोक्यात येतो. म्हणूनच २००७ च्या पुरानंतर, १ ऑक्टोबर २००८ पासून तेथे नियम लागू झाला. घरापुढील ५ चौरस मीटरहून अधिक जागेवर पाणी न झिरपणारी फरशी घालून पाणी रस्त्यावर सोडायचे असेल, तर नियोजन परवानगी घ्यावी लागते. तेच पाणी आपल्या हिरवळीत वा वाफ्यात वळवले, तर ती लागत नाही.

आपल्यामुळे शेजाऱ्याला उपद्रव होऊ नये, ही इस्लामची शिकवण आहे. तेव्हा आपले अंगण कोरडे झाले, एवढ्यावर समाधान मानू नये; ते पाणी कोठे गेले, हेही पाहावे.