आपणच आत घेतलेलं पाणी

टेक्सासमधल्या ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिसवर आमची बोट बुडता बुडता वाचली, त्या दिवशी वादळ नव्हतं, वारा नव्हता, कोणी प्यायलेलंही नव्हतं. ऑगस्ट २०२१ मधली शनिवारची दुपार. बोट मी चालवत होते. झालं ते माझ्या हातून झालं, आणि ते नेमकं कसं झालं हे उमगायला मला पुढचा अख्खा हिवाळा लागला. आमच्या ओळखीच्या मराठी घरांपैकी काहींनी आता बोटी घेतल्यात, काही जण सुट्टीच्या दिवशी भाड्याने आणतात. त्या बोटींत लहान मुलं बसलेली दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून हे लिहायला बसले.

वेकसर्फिंग म्हणजे चालत्या बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर फळी घेऊन उभं राहणं. सुरुवातीला दोरी धरायची, तोल सापडला की सोडून द्यायची. पुढे लाटच माणसाला ढकलत नेते. बोटीचा वेग असतो ताशी १६ ते १९ किलोमीटर, म्हणजे सायकलइतका. फळीवरचा माणूस बोटीच्या मागच्या कडेपासून अवघ्या काही फुटांवर असतो, म्हणून ज्या बोटीचा पंखा मागच्या कडेच्या पुष्कळ आत, पोटाखाली असतो, तीच बोट या खेळाला चालते.

पण मोठी लाट फुकट मिळत नाही. बोट जितकी खोल बसेल तितकं जास्त पाणी ती बाजूला सारते, आणि लाट तितकी उंच उठते. त्यासाठी बोटीत वजन भरतात. जहाजाचा तोल राखायला तळाशी जे वजन ठेवतात त्याला मराठीत नीरम असा जुना शब्द आहे. पूर्वी त्यासाठी दगड, वाळू भरत. या बोटींत तळ्याचंच पाणी पंपाने टाक्यांत आणि रबरी पिशव्यांत ओढून घेतात. सगळ्या गोष्टीची मेख इथेच आहे. इतर बोटींत पाणी आत आलं की धोका. या बोटीत आपण बटण दाबून, हौसेने, टनभर पाणी आत घेतो. टाकीतलं पाणी आणि बोटीच्या तळात मोकळं सुटलेलं पाणी यांच्यामध्ये असतो नळीवरचा एक क्लॅम्प.

आमची बोट २२ फुटी. कंपनीच्या टाक्यांत साधारण १,२०० किलो पाणी मावायचं. ते पुरेसं वाटेना, म्हणून आम्ही मागच्या दोन्ही कप्प्यांत जादा पिशव्या बसवून घेतल्या. त्यांत आणखी ३५० किलो. त्या दिवशी वर माणसं अकरा, त्यातली पाच पुढच्या खोलगट बैठकीत, शिवाय बर्फाची मोठी पेटी तिथेच. बोटीवर किती माणसं आणि किती वजन चालेल याची पाटी असते. आम्ही त्यावरची माणसं मोजली; पाण्याचं वजन धरायचं कोणाच्या मनातही आलं नाही. नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्याच्या किती जवळ आलं होतं ते किनाऱ्यावरून कोणीही सांगितलं असतं. आम्ही आत बसलो होतो, आम्हाला दिसलं नाही.

माझी पंधरा वर्षांची मुलगी फळीवर होती. ती पडली. मी मागे वळून पाहिलं, तिने ठीक असल्याची खूण म्हणून हात वर केला, पण दुसरी एक बोट त्याच बाजूने येताना दिसली आणि मी घाबरले. थ्रॉटल एकदम मागे ओढला आणि चाक पूर्ण फिरवलं.

बोट अशी अचानक थांबवली की तिच्यामागून येणारी तिचीच लाट थांबत नाही. ती पोटाखाली शिरते, शेपटाकडची बाजू उचलते आणि नाक खाली दाबते. त्यातच मी वळले होते, म्हणजे आम्हीच उठवलेल्या दुसऱ्या लाटेला बोट समोरून भिडली. नाळ पाण्याखाली गेली. हिरवट पाण्याची सपाट चादर पुढच्या सीटवर बसलेल्या माणसांच्या मांड्यांवरून आत आली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. माझा हात अजूनही थ्रॉटल मागे ओढत होता. म्हणजे मी नाक आणखी खाली घालत होते.

नवऱ्याने ओरडून सगळ्यांना मागे यायला सांगितलं, म्हणून पुढची लाट आत आली नाही. बिल्जचा पंप, म्हणजे तळातलं पाणी बाहेर फेकणारा, आपोआप सुरू झाला होता. एकदाच आलेलं पाणी आहे, जाईल हळूहळू, असं मी स्वतःला समजावत होते. पाच मिनिटं झाली. पाणी कमी व्हायचं सोडून मागच्या बाजूला वाढत होतं.

शेजारच्या बोटीने मुलीला उचललं आणि आम्हाला एका उथळ खाडीपर्यंत सोबत केली. तिथे मागचा कप्पा उघडला तेव्हा खरं कारण हाती लागलं. डाव्या पिशवीची नळी निसटून लोंबत होती. पिशवी अर्धी रिकामी झाली होती आणि तिचं पाणी तळात होतं. शिवाय त्या नळीचं दुसरं टोक बोटीच्या तळातल्या भोकाला जोडलेलं, आणि भोकाची झडप उघडी. आमच्याकडे होते तसल्या पंपातून, पंप बंद असला तरी, बोटीच्या वेगाने पाणी आत ढकललं जातं. नाळ पाण्याखाली गेली त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही आत पाणी घेत होतो.

आणि मी ते पाहिलं होतं. हेच मला सगळ्यात जास्त सलतं. बाजूच्या भोकातून धार पडत होती, ती पाहून मला वाटलं टाकी भरून वाहते आहे. टाकीचं जादा पाणी जिथून सांडतं त्याच्या वीतभर अंतरावर बिल्जचं तोंड होतं. धार बिल्जची होती. आता आमच्या बोटीवर त्या तोंडाभोवती लाल रंगाचं कडं आहे, आणि तिथून पाणी पडताना दिसलं की बोट थांबवायची, एवढाच नियम आहे. तुमच्या बोटीवर कोणती धार कशाची, हे धक्क्यावर उभं राहून एकदा पाहून ठेवा.

थोडा हिशेब मांडते, कारण त्याने माझी झोप उडाली होती. पुढची बैठक दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद धरली आणि तिच्यात घोट्याच्या वर, १५ सेंटिमीटर पाणी आलं, तर ते ४५० लिटर. म्हणजे ४५० किलो. सहा-सात मोठी माणसं एकदम बोटीच्या टोकावर येऊन बसावीत तसं. पंपावर ‘तासाला १,००० गॅलन’ असं छापलेलं असतं. त्याचे होतात मिनिटाला जेमतेम ६३ लिटर, तेही नळी सरळ आणि चढ नसेल तर. छापील आकडा खरा मानला तरी ते पाणी काढायला सात मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात दुसरी लाट यायला नको. शिवाय हे पाणी टाकीसारखं एका जागी बसत नाही. बोट जिकडे कलेल तिकडे ते धावतं आणि तिला तिकडेच आणखी कलवतं. म्हणून टाक्यासुद्धा अर्ध्या भरून फिरू नये. पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकाम्या करा.

अनेकांना वाटतं की फायबरची बोट पाण्याने भरली तरी तरंगतेच. मलाही वाटायचं. अमेरिकेत बोटीच्या अंगात तरंगण्यापुरता फोम असावा हा सरकारी नियम २० फुटांपेक्षा लहान बोटींना आहे. लाटा उठवणाऱ्या बहुतेक बोटी त्याहून मोठ्या.

तर मग करायचं काय? पहिलं, माणूस पडला की घाई करू नका. त्याने लाइफ जॅकेट घातलेलं असतं, तो तरंगत असतो. दुसरी बोट येत असेल तर तुमच्यातल्या एकाने, पाण्यात माणूस आहे हे दाखवणारा, झेंडा वर धरायचा. मीही तेव्हा तेच करायला हवं होतं. थ्रॉटल हळूहळू खाली आणा, बोट सरळच ठेवा, मागची लाट खालून निघून जाऊ द्या, आणि मग अगदी मंद गतीने वळा. यात फार तर वीस सेकंद जास्त जातात. आणि जवळ पोचल्यावर, तो शिडीला हात घालण्याआधी, इंजिन बंद.

समोरून लाट येतेच आहे असं दिसलं तर हात आपोआप थ्रॉटल मागे ओढतो. त्या हाताला वेगळी सवय लावावी लागते. थोडा जोर दिला तर नाक वर येतं. लाट समोरासमोर घेण्याऐवजी जरा तिरकी घ्यायची. आणि पुढे बसलेल्यांनी मागे यायचं. पुढची बैठक सगळ्यांना आवडते, मला मान्य आहे. पण बोट वजनाने भरलेली असताना मी आता तिथे कोणाला बसू देत नाही, पाहुणे रुसले तरी.

पाणी आत आलंच, तर आधी सगळे जॅकेट घातलेले आहेत ना ते पाहा. टेक्सासमध्ये २६ फुटांखालच्या चालत्या बोटीत १३ वर्षांखालच्या मुलांना जॅकेटची सक्ती आहे. आमच्या बोटीत आता ती सगळ्यांना आहे. मग भरण्याचे सगळे पंप बंद, झडपा बंद, बिल्जचा पंप हाताने चालू, आणि पुढची टाकी सर्वांत आधी रिकामी करायला लावायची. पाणी वाढतच असेल तर उथळ किनारा गाठायचा. बोट सोडून पोहत जायचं नाही. आणि पाणी निघून गेल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही. तळात पेट्रोल मिसळलेलं असू शकतं, त्याची वाफ साठते; आधी कप्पे उघडून ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर खेचणारा पंखा, चांगला चालवायचा. माझ्या नवऱ्याला हे माहीत होतं, मला नव्हतं.

गर्दीच्या दिवशी हा खेळ खेळूच नये, असं माझं ठाम मत आहे. लेक ट्रॅव्हिस म्हणजे कोलोरॅडो नदीवर धरण बांधून झालेलं लांबट तळं. जागोजागी चुनखडीचे कडे पाण्यात सरळ उतरलेले आहेत. लाट त्यांच्यावर आपटते आणि परत येते, विरत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये या तळ्यावर बोटींची एक मोठी मिरवणूक निघाली होती. शेकडो बोटी हळूहळू, जवळजवळ चालल्या होत्या, आणि एकमेकींच्या लाटांत काही बोटी बुडाल्या. तेव्हा बातमी वाचून आम्ही म्हटलं होतं, यांना बोट चालवता येत नसेल. वर्ष उलटायच्या आत आमची पाळी आली.

आम्ही आता सकाळी साडेसहाला पाण्यावर असतो. पाणी काचेसारखं असतं आणि नऊच्या सुमारास परततो. जादा पिशव्या काढून टाकल्या. लाट थोडी लहान उठते. प्रत्येक नळीला दोन क्लॅम्प आहेत. टाक्या भरल्या की झडपा हाताने फिरवून बंद करायच्या, हे काम मुलीचं. ती फळी घेऊन पाण्यात उतरण्याआधी दोन्ही कप्पे उघडते, टॉर्च मारते, हात आत घालून तळ चाचपते आणि कोरडी बोटं मला दाखवते. मग मी इंजिन सुरू करते.