हर्णैचे दीपगृह आणि तिथीचे गणित



आपल्या महूला समुद्र नाही, पण समुद्राकडे जाणाऱ्या दोन वाटा मात्र आहेत. जानापावच्या डोंगरावर चंबळ उगम पावते. तिचे पाणी यमुनेत, यमुनेतून गंगेत व तेथून बंगालच्या उपसागरात जाते. पातालपाणीला उडी घेणारी चोरल नदी नर्मदेला मिळते आणि अरबी समुद्र गाठते. म्हणजे आपल्या तहसिलीत पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. पाणी जाते, आपण मात्र जात नाही. वर्गात विचारले तेव्हा बहुतेक मुलांनी समुद्र टीव्हीवरच पाहिलेला निघाला. म्हणून यंदाची हिवाळी सहल दापोलीला नेण्याचे ठरले आहे. हा पाठ त्या सहलीच्या तयारीचा आहे, तेव्हा पालकांनीही तो वाचावा ही विनंती.

दापोलीच का, असे काही पालकांनी विचारले. दापोली हीसुद्धा आपल्यासारखीच जुनी लष्करी छावणी. तिला आजही 'कॅम्प दापोली' म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी आपल्या महूत झाला, हे येथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. पण त्यांचे मूळ गाव आंबडवे हे दापोलीच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात आहे आणि वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त झाल्यावर हे कुटुंब काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिले, हे फार थोड्यांना माहीत असते. महू ते दापोली हा रस्ता आपल्याआधी त्यांनी केलेला आहे.

आता मुख्य विषय. एक दिवस आपण मुरुडहून हर्णै बंदराच्या दीपगृहापर्यंत पायी जाणार आहोत. हे मुरुड म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव, जंजिऱ्याचे मुरुड नव्हे. ते रायगड जिल्ह्यात आहे. अंतर चार-पाच किलोमीटरच आहे. घाई मुळीच नाही. शिंपले पाहत, खेकड्यांची बिळे मोजत, रमतगमत जायचे. पुळण संपून खडक लागले की वर रस्त्यावर यायचे आणि सालदुरे, पाळंदे या गावांवरून हर्णैला उतरायचे. 'पुळण' म्हणजे समुद्रकाठची वाळू. आपण घरी सर्रास 'रेती' म्हणतो. तेथे पुळण म्हणा, कानाला गोड लागते.

हर्णैला पाण्यात सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावर गोवा किल्ला, फत्तेगड व कनकदुर्ग असे चार किल्ले जवळजवळ आहेत. दीपगृह आहे ते कनकदुर्गावर. किल्ला लहानसा, तीन बाजूंनी पाणी. बुरुजांचे अवशेष, पाण्याची टाकी आणि दीपगृह, एवढेच काय ते उरले आहे. पण वरून सुवर्णदुर्ग असा दिसतो की बोलणे थांबते. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स या इंग्रजाने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि या कामी पेशव्यांनी इंग्रजांना साथ दिली. आमच्या मते मराठी आरमार बुडाले ते येथपासून, आणि ते आपल्याच हातांनी बुडाले. जेम्सच्या विधवा पत्नीने १७८४ मध्ये लंडनजवळच्या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ मनोरा बांधला. त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग', म्हणजे आपला सुवर्णदुर्गच! तो मनोरा आजही उभा आहे.

दीपगृहाला हिंदीत प्रकाशस्तंभ म्हणतात. त्याचे काम नुसते उजेड पाडण्याचे नसते. किनाऱ्यावर दिवे पुष्कळ असतात, त्यांतला आपला कोणता, हे खलाशाला कळले पाहिजे. म्हणून प्रत्येक दीपगृहाच्या झोतांची लय ठरलेली असते. किती झोत आणि किती सेकंदांनी, यावरून खलाशी स्थळ ओळखतो. दिवसा दिवा दिसत नाही, तेव्हा मनोऱ्याचा आकार व रंगांचे पट्टे उपयोगी पडतात. दिव्याभोवती काचेच्या लोलकांची वर्तुळे असतात. ही रचना फ्रान्सच्या फ्रेनेल या शास्त्रज्ञाची. १८२३ मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहावर ती प्रथम बसली. चहूकडे विखुरणारा प्रकाश ती एका दिशेला वळवते, त्यामुळे लहान दिवाही फार दूर पोचतो.

किती दूर? पृथ्वी गोल असल्याने येथे उंचीचा प्रश्न येतो. मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून साडेतीनने गुणले की क्षितिजाचे अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळते. समजा दिवा समुद्रसपाटीपासून ३६ मीटर उंच आहे. वर्गमूळ ६, म्हणजे अंतर २१ किलोमीटर. पाहणाऱ्याचे डोळे पाण्यापासून १.४४ मीटर उंच असतील तर त्याचे क्षितिज ४.२ किलोमीटर. दोन्ही मिळून सुमारे २५ किलोमीटरवरून दिवा दिसेल. गणिताच्या तासाला वर्गमूळ कशाला, असे विचारणाऱ्यांनी हे वाचावे.

यापुढचा भाग नीट वाचा. समुद्र दिवसातून साधारण दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. हिंदी पुस्तकात आपण ज्वार-भाटा वाचतो, तीच मराठीतली भरती-ओहोटी. सकाळी कोरडी असलेली वाट दुपारी पाण्याखाली जाते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जंजिऱ्याच्या मुरुडला सहलीस गेलेले पुण्याच्या महाविद्यालयातील १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. ती मुले तुमच्यापेक्षा मोठी होती, शहाणीही असतील. भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही. पण आपण नदी-तलावाकाठची माणसे. तलाव जागचा हलत नाही, समुद्र हलतो. हा फरक अंगात मुरलेला नसतो, तो शिकावाच लागतो.

कोकणात यासाठी एक सोपा हिशेब आहे. त्या दिवशीची तिथी घ्या आणि पाऊणने गुणा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ, अर्थात ढोबळ मानाने. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, तेव्हा सव्वाअकरा. त्याआधी व नंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. शुक्ल असो वा कृष्ण, पक्ष कोणताही चालतो. पाऊणच का? चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. पाऊण तास त्याच्या जवळच आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि पाणी फार चढते. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी, तो भांग. घरातले पंचांग सणवार पाहण्यापुरतेच नसते, हे आजी-आजोबांना सांगा. त्यांना आनंद होईल.

आता पाहा. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी नऊला पुळणीवरून निघालो तर पाणी आपल्या बाजूने चढत येणार. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेनऊच्या सुमारास. तेव्हा आठला निघणे योग्य. तरीही निघण्यापूर्वी आपण गावातील कोळी बांधवांना विचारू आणि त्यांचा शब्द अंतिम मानू. पाण्यात घोट्यापलीकडे कोणी जाणार नाही. शिक्षकही नाही.

हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव भरतो. होड्यांतून मासळी किनाऱ्यावर आणायला ओहोटीच्या पाण्यात बैलगाड्या घालण्याची तेथली जुनी रीत आहे. शाकाहारी घरच्या मुलांनी नाकाला रुमाल लावून लोकांच्या कष्टाचा अपमान करू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावर घरे आणि बागा झोपवल्या होत्या. तीच माणसे पुन्हा समुद्रावर जातात. त्यांच्याशी मराठीत बोला. आपली मराठी त्यांना थोडी हिंदी वाटेल, त्यांची आपल्याला थोडी निराळी वाटेल, चालायचेच.

गृहपाठ: सहलीच्या चारही दिवसांची तिथी पंचांगातून काढून भरती व ओहोटीच्या वेळा वहीत लिहाव्यात आणि कोणत्या दिवशी किती वाजता मुरुडहून निघावे ते कारणासह सांगावे. वह्या सोमवारी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. पायी जाण्याचा दिवस त्या पाहूनच ठरेल.