केमिस्ट्री आवडते, पण पुढे काय? पाण्याच्या तपासणीतले करिअर

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत धडधाकट माणसांच्या हातापायांतली ताकद अचानक जायला लागली. गिलियन-बारे सिंड्रोम हे अवघड नाव तेव्हा घरोघरी पोचले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जीवाणू सापडला, संशय पाण्यावर गेला आणि विहिरी, टँकर, खासगी आरओ केंद्रे, घरांतले नळ अशा सगळीकडून बाटल्या भरभरून प्रयोगशाळांकडे जाऊ लागल्या. त्या बाटल्या भरणाऱ्यांचे आणि तपासणाऱ्यांचे काम बातम्यांत फारसे आले नाही. बारावीच्या निकालानंतर सल्ल्यासाठी येणाऱ्या बहुतेक पालकांनाही या कामाची माहिती नसते. “मुलीला केमिस्ट्री आवडते, पण नीटमध्ये मार्क कमी पडले. नुसते बीएस्सी करून काय होणार?” या प्रश्नाचे एक चांगले उत्तर इथे आहे.

पिण्याचे पाणी कसे असावे हे आपल्याकडे आयएस १०५०० या भारतीय मानकाने ठरवून दिले आहे. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जीवाणू एकही आढळता कामा नये. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. या आकड्यांमागे माणसे आहेत. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत फ्लोराइडमुळे मुलांचे दात डागाळतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पिणाऱ्यांची हाडे वाकतात. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. पण फ्लोराइडला ना चव असते, ना वास. ते तपासल्याशिवाय कळत नाही.

या कामात सर्वांत नाजूक भाग नमुना घेण्याचा असतो. नळाची तोटी स्वच्छ करून ज्योतीने तापवायची, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यायचे, मग निर्जंतुक बाटली उघडायची. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचे नाही आणि बाटली काठोकाठ भरायची नाही. जीवाणू तपासणीच्या बाटलीत थोडे सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. ते पाण्यातला उरलेला क्लोरीन निकामी करते. तसे केले नाही तर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि नळातून बाहेर पडताना होते त्यापेक्षा पाणी चांगले असल्याचा खोटा अहवाल येतो. म्हणून ही बाटली विसळायची नसते. रासायनिक तपासणीची बाटली मात्र त्याच पाण्याने विसळून घ्यायची. मग नमुना बर्फाच्या पेटीत ठेवून शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचा. यातली एक पायरी चुकली, तर पुढे लाखो रुपयांचे यंत्र असूनही उपयोग नाही. तुमचा मुलगा किंवा मुलगी जर्नल नीट लिहिते का, कुणी बघत नसतानाही प्रयोग शेवटपर्यंत करते का, हे बघा. माझ्या मते या क्षेत्रासाठी हा निकष टक्केवारीपेक्षा मोठा आहे.

शिक्षणाची सरळ वाट रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रातल्या बीएस्सीची. जिल्हा आणि उपविभागीय पातळीवरच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा चालवते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्रयोगशाळा वेगळ्या. पुण्यातली राज्य आरोग्य प्रयोगशाळा त्यांपैकीच. महापालिकांच्या जलशुद्धीकरण केंद्रांवर केमिस्ट लागतात. एमएस्सी केमिस्ट्री किंवा भूविज्ञान केले, तर यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून केंद्रीय भूजल मंडळात वैज्ञानिक होता येते. परीक्षा कठीण आहे, पण आपल्याकडच्या मुलांना तिचे नावही माहीत नसते याचे फार वाईट वाटते. संशोधनाची ओढ असेल तर नागपूरची नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था घरचीच म्हणायची. १९५८ सालापासून तिथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीचे काम चालले आहे. सिव्हिल इंजिनीअरिंगवाल्यांना पर्यावरण अभियांत्रिकीत एमटेक करून शुद्धीकरण केंद्रे आणि नळयोजनांकडे जाता येते. बारावीनंतर लवकर कमावते व्हायचे असेल, तर स्वच्छता निरीक्षक पदविका हाही मार्ग आहे.

पगाराबद्दल पालकांना स्पष्ट सांगायला हवे. सरकारी प्रयोगशाळांतली बरीच पदे सध्या कंत्राटी भरली जातात. कायम पदाच्या जाहिराती कधी निघतील याचा भरवसा नसतो आणि सुरुवातीचा पगार आयटीतल्या चुलत भावाशी तुलना करण्यासारखा नसतो. त्यामुळे फक्त सरकारी नोकरीची वाट बघत बसू नका. बीएस्सीनंतर एनएबीएल मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळेत दोन वर्षे काम करणे हा मला सर्वांत चांगला पाया वाटतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर, आयन क्रोमॅटोग्राफ यांवर हात बसतो, आयएसओ १७०२५ प्रमाणे नोंदी ठेवायची सवय लागते. हीच कौशल्ये बाटलीबंद पाणी, अन्नप्रक्रिया आणि औषध कंपन्यांतही चालतात. ‘पाणी तपासणीचा शंभर टक्के नोकरी देणारा कोर्स’ म्हणून भरमसाट फी मागणाऱ्या क्लासपासून मात्र दूर राहा.

आणखी एक गोष्ट घरात आधी बोलून घ्या. पावसाळ्यात साथ आली की सुट्ट्या रद्द होतात. ‘पिण्यास अयोग्य’ असा शेरा मारल्यावर फोन येतात, “पुन्हा एकदा तपासून बघा ना” असे आडून सुचवले जाते. पुन्हा तपासायला हरकत नसते. आकडा बदलायला असते. त्या अहवालाखाली सही करणारा माणूस ठाम असावा लागतो, कारण त्यावर एखाद्या वस्तीचा नळ बंद होतो किंवा चालू राहतो.

मुलांची आवड पारखायला पैसे लागत नाहीत. गावात जलसुरक्षक असतो. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर किती आणि कधी टाकतो, उरलेला क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग कसा बघतो, हे त्याच्याकडून समजून घेता येते. जलजीवन मिशनखाली गावातल्या पाच महिलांना किटवर पाणी तपासायला शिकवले जाते. त्यांच्याबरोबर मुलीला एक दिवस पाठवा. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी होते आणि तिच्यावरून ग्रामपंचायतीला जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे टिकवले आणि साथ आली नाही, तर चंदेरी. प्रवेश अर्ज भरण्याआधी मुलांना ग्रामपंचायतीत पाठवा आणि आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, ते का आहे, एवढे विचारून यायला सांगा. त्या ‘का’चे उत्तर शोधताना मूल रमले, तर अर्जात केमिस्ट्री लिहायला कचरू नका.