कुंडी बदलताना मुळांचे काय होते?

भूमीत वाढणाऱ्या झाडाची मुळे पाण्याच्या शोधार्थ दूरवर जातात. ओसरीवरील कुंडीत लावलेल्या क्रोटनला ही मोकळीक नसते. त्याची मुळे कुंडीच्या कडेपाशी पोचली, की तेथेच वेटोळी घालू लागतात. काही काळाने मातीपेक्षा मुळेच अधिक होतात. मग घातलेले पाणी झरझर तळाच्या छिद्रावाटे निघून जाते, सकाळी पाणी दिलेले झाड दुपारी माना टाकते, आणि छिद्रातून मुळांची टोके डोकावतात. कुंडी बदलण्याची वेळ आल्याच्या या खुणा होत.

परंतु कित्येकदा असे घडते, की झाड नव्या कुंडीत काळजीपूर्वक लावावे, भरपूर पाणी द्यावे, आणि दुसऱ्याच दिवशी ते मलूल दिसावे. माती तर ओली असते. मग झाड तहानलेले का? जाड मुळांचे मुख्य काम झाडाला आधार देण्याचे व पाणी वाहून नेण्याचे असते. ते शोषून घेण्याचे काम बव्हंशी कोवळ्या मुळांच्या टोकांमागील सूक्ष्म मूलरोम करतात. प्रत्येक मूलरोम म्हणजे मुळाच्या त्वचेतील एका पेशीचाच लांबट फाटा होय. मातीच्या कणांना तो इतका चिकटलेला असतो, की मुळांवरची माती झडली म्हणजे तोही तुटतो. तुटलेला रोम पुन्हा वाढत नाही. नव्या कोवळ्या मुळावर नवे रोम यावे लागतात. तोपर्यंत पानांतून बाष्प मात्र जातच राहते.

अशा झाडाला पुनःपुन्हा पाणी घालणे, हीच घातक चूक ठरते. मुळेही श्वसन करतात व त्यांना प्राणवायू लागतो. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या, म्हणजे तो मिळेनासा होतो. कारण हवेच्या मानाने पाण्यातून प्राणवायू सुमारे 10,000 पट मंद गतीने पसरतो. गुदमरलेली मुळे कुजतात.

याच कारणास्तव 6 इंची कुंडीतील झाड एकदम 12 इंची कुंडीत लावू नये. 8 इंची पुरे. मुळे न पोचलेली जादा माती दीर्घकाळ ओली राहते. तळाशी खड्यांचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो, ही समजूतही खरी नाही. बारीक मातीतील पाणी खालच्या खड्यांत सहजी उतरत नाही, उलट त्यांच्यावरच अडून राहते. छिद्रावर एक खापरी ठेवावी, म्हणजे झाले.

आदल्या दिवशी झाडाला पाणी द्यावे. कुंडी उलटी धरून तिची कड हलकेच आपटली, की मातीचा गड्डा सुटून येतो. काळी, लिबलिबीत मुळे कापावीत, वेटोळी बोटांनी सैल करावीत; बाकीची माती झटकू नये. झाड पूर्वीइतक्याच खोलीवर लावून एकदा भरपूर पाणी द्यावे व आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे. पुढचे पाणी बोटाचे पेर मातीत खुपसून, ती कोरडी लागली तरच द्यावे. खत मात्र नवी पालवी दिसेपर्यंत घालू नये.