गोळ्या थांबल्या, खड्डे राहिले

आयसोट्रेटिनोइनचा क्रम पूर्ण झाला, मुरूम गेले. आता चेहऱ्यावरील खड्ड्यांचे काय, हा प्रश्न वरकरणी त्वचारोगतज्ज्ञांचा आहे. परंतु आपल्या पर्वत पाटियात ज्या मुलांना आपण लस टोचली, तीच मुले पंधरा-सोळाव्या वर्षी तारुण्यपीटिका घेऊन प्रथम आपल्याकडेच येतात. उपचार संपल्यावर सल्लाही आपल्यालाच विचारतात.

आजवरचे ठरलेले उत्तर होते, ‘सहा महिने थांबा.’ त्याचे मूळ पाहण्यासारखे आहे. हे औषध 1982 साली अमेरिकेत मान्य झाले. 1986 साली सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. औषध चालू असताना किंवा नुकतेच बंद केल्यावर यंत्राने त्वचा घासल्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर विचित्र केलॉइड उद्भवले होते. अशा मोजक्या वृत्तांतांवरून, पुढे आलेल्या प्रत्येक प्रक्रियेला तोच नियम लावला गेला. फ्रॅक्शनल लेझर तर तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

2017 साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी, आणि त्याच वर्षी आपल्या असोसिएशन ऑफ क्युटेनियस सर्जन्स ऑफ इंडियाच्या कृतिगटाने उपलब्ध पुरावा तपासला. वरवरचे केमिकल पील, फ्रॅक्शनल लेझर यांसारख्या प्रक्रिया सहा महिने लांबविण्यास पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष निघाला. यंत्राने पूर्ण चेहरा घासणे आणि संपूर्ण थर जाळणारे लेझर यांबाबत मात्र सावधगिरी कायम आहे. हा भेद रुग्णाला समजावून सांगणे मला महत्त्वाचे वाटते. कारण ‘थांबा’ एवढेच ऐकलेली मुले थांबत नाहीत, ती पार्लरमध्ये जातात किंवा सुयांचा रोलर मागवून घरीच चेहऱ्यावर फिरवतात.

पालक ज्याला ‘डाग’ म्हणतात, त्यातील बराचसा भाग व्रण नसतोच. आपल्या सावळ्या वर्णात मुरूम बसल्यावर काळसर छटा मागे राहते. ती काही महिन्यांत ओसरते. तिला हवे ते उन्हापासून संरक्षण, सनस्क्रीन आणि फार तर अॅझेलाइक आम्लाचे मलम. दुकानातून आणलेले ‘गोरेपणाचे’ स्टेरॉइडयुक्त मलम नव्हे. त्याने मुरूम पुन्हा उसळतात. बोटाने चाचपून सपाट लागतो तो डाग, तिरप्या उजेडात सावली पडते तो खड्डा, एवढी परीक्षा कोणत्याही दवाखान्यात होऊ शकते.

खऱ्या खड्ड्यांचेही प्रकार आहेत. सुईने टोचल्यासारख्या अरुंद, खोल छिद्रांत तीव्र ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लाचा थेंबभर स्पर्श करतात. लाटांसारख्या उंचसखल त्वचेखालील तंतू सुईने सोडवतात. रुंद, उभ्या कडांच्या खड्ड्यांना सुयांचा उपचार वा फ्रॅक्शनल लेझर उपयोगी पडते. बहुतेकांना मिश्र उपचार लागतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात आणि नवे कोलॅजन तयार होण्यास महिने जातात. खड्डे उथळ होतात, नाहीसे होत नाहीत. हे पैसे भरण्यापूर्वीच सांगावे. कापड बाजारात नोकरी करणाऱ्या बापाची ती महिन्यांची बचत असते. छातीवर, खांद्यावर वा जबड्याच्या कडेला ज्याला केलॉइड येतात, त्याच्या बाबतीत तर अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाच्या मताशिवाय काहीच करू नये.

लग्नसराई जवळ आली की घाई वाढते. दोन महिन्यांवर लग्न असताना तीव्र प्रक्रिया आरंभणे म्हणजे ऐन मांडवात काळवंडलेला चेहरा ओढवून घेणे. वधूचा मेकअप करणाऱ्या बाईंनाही सांगून ठेवावे लागते, की गोळ्या बंद झाल्यावर सहा महिने चेहऱ्याचे वॅक्सिंग नको. त्वचा नाजूक असल्याने वरचा थर सोलून निघतो. आणि लग्न ठरलेल्या मुलीला, आई खोलीबाहेर असताना, आणखी एक गोष्ट स्पष्ट विचारावी: शेवटची गोळी कोणत्या तारखेस घेतली? त्या तारखेपासून पूर्ण एक महिना गर्भधारणा टाळलीच पाहिजे, कारण या औषधाने गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात. मी ती तारीख केसपेपरवर ठळक अक्षरांत लिहितो.