लिव्हरचा कॅन्सर: केमोला किती लागतील?

नगर जिल्ह्यातल्या घरात हे निदान आलं की आधी पैशांची जुळवाजुळव सुरू होते. त्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: गाठ यकृतातच उठली आहे, की दुसरीकडून पसरली आहे? आतड्यातून पसरली असेल तर सलाइनमधली केमो हा मुख्य उपचार. यकृतातच उठलेल्या नेहमीच्या कॅन्सरवर ती फारशी चालत नाही. गाठ लहान आणि यकृत धड असेल, तर शस्त्रक्रिया होईल का, हे आधी विचारा.

यकृतातच उठलेल्या कॅन्सरच्या रुग्णाला ‘केमो’ सांगितली तर ती बहुधा ‘टेस’ असते. धमनीतून नळी नेऊन औषध थेट गाठीत सोडतात आणि तिचा रक्तपुरवठा तोडतात. ती पुन्हा करावी लागू शकते. म्हणून कॅथलॅब, औषध, खाट आणि नंतरचा सीटी स्कॅन धरून एका वेळेचा अंदाज लेखी घ्या.

आजार पुढे गेला असेल तर सोराफेनिबच्या गोळ्या देतात. नेहमीच्या डोसप्रमाणे महिन्याला १२० लागतात. बायर कंपनी त्यांचे २,८०,४२८ रुपये घेत असे. मार्च २०१२ मध्ये मुंबईत पेटंट नियंत्रकांनी नॅटकोला सक्तीचा परवाना दिला, देशातला पहिलाच, आणि कमाल किंमत ८,८८० ठरवली. आता पेटंटही संपलं आहे. तेव्हा चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि दोन-तीन दुकानांत भाव विचारा. ही गोळी आजार बरा करत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ती घेणारे निम्मे रुग्ण १०.७ महिन्यांहून जास्त जगले; न घेणाऱ्यांसाठी हा आकडा ७.९ होता. इम्युनोथेरपीचा खर्च तर लाखांत जातो. जमीन विकायचा विचार करणाऱ्या घराला हे आकडे कुणीतरी स्पष्ट सांगायलाच हवेत.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. तुमचा उपचार नाव घेऊन विचारा, तो यादीत आहे का आणि त्या रुग्णालयाला त्याची मान्यता आहे का. मंजुरी उपचाराआधी लागते. पैसे भरून नंतर मागू असं धरून चालू नका. हेल्पलाइन १५५३८८. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

परळच्या टाटा रुग्णालयात जायचं ठरलं, तर राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण, सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. तिचा नमुना रुग्णालयाकडून भरून घ्यावा लागतो.